बिअर-सोड्याचे ॲल्युमिनियमचे कॅन घरीच चेपून भंगारात द्यावेत का?

हो, जरूर चेपा. पण आधी विसळून, पालथे घालून सुकवा. गोव्याच्या पावसाळ्यात अंगणात उघडे पडलेले कॅन म्हणजे डासांना आमंत्रणच. चेपताना कॅन उभा ठेवून जाड तळव्याच्या बुटाने सरळ दाबा. अनवाणी मुळीच नको, फाटलेली कड ब्लेडसारखी कापते. लोहचुंबक चिकटला तर तो लोखंडी पत्र्याचा, वेगळा ठेवा. रिकामा कॅन जेमतेम १३-१५ ग्रॅमचा, किलोला सत्तरेक लागतात. म्हणून गोणी भरल्यावरच भंगारवाल्याला बोलवा. एवढा खटाटोप सार्थकी लागतो, कारण खनिजापासून नवीन धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. घरी वितळवायच्या भानगडीत मात्र पडू नका: रंग आणि आतला प्लास्टिकचा लेप जळून घातक धूर होतो.