वाचकांचे प्रश्न : एका जिल्ह्यात दोन हवामानं?

प्रश्न : आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, मामाचं अथणीकडं. आम्ही चिखलात भात लावतो, तेव्हा मामा आभाळाकडं डोळे लावून बसलेला. जिल्हा एकच, मग हवामान वेगळं कसं?

उत्तर : जिल्ह्याची हद्द माणसांनी आखली, पाऊस ती कशाला मानेल? जर्मन-रशियन शास्त्रज्ञ कोपेन मूळचे वनस्पतींचे अभ्यासक. कुठं काय उगवतं, हे बघून त्यांनी १९०० साली जगाचे हवामान विभाग पाडले आणि पुढं ते सुधारत नेले. सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमानही १८ अंशांखाली गेलं नाही, तर उष्ण कटिबंधीय. पण कोरडेपणाची परीक्षा आधी होते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. बहुतेक पाऊस उन्हाळी सहामाहीत (एप्रिल ते सप्टेंबर) पडत असेल, तर वार्षिक सरासरी तापमानाला २० नं गुणायचं, त्यात २८० मिळवायचे. तापमान २६ अंश धरलं, तर ८०० मिलिमीटर. पाऊस त्याहून कमी म्हणजे कोरडं हवामान. निम्म्याहूनही कमी म्हणजे वाळवंट. अथणी या दोन्हींच्या मध्ये येते, म्हणून ती निमशुष्क. सह्याद्री ढग अडवतो, पूर्वेला थोडंच पाणी उरतं. उलट, तुमच्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडं हिवाळा कोरडा जाऊनही वर्षाचा पाऊस २५०० मिलिमीटरच्या वर जातो, म्हणून तो मोसमी वनांचा प्रदेश.