तंत्रज्ञानाच्या कोर्समध्ये ब्लॉग लिहून खरंच शिकता येतं का? पोस्ट कशी लिहावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत बी.एस्सी. आयटीला आहात, आयओटीच्या (इंटरनेट ऑफ थिंग्ज) विषयात दर आठवड्याच्या प्रॅक्टिकलवर एक ब्लॉगपोस्ट लिहायला सांगितली आहे, त्याला इंटर्नलचे गुण आहेत आणि जर्नल वेगळं लिहायचंच आहे. मग तेच ते दोनदा लिहून मिळतं काय?

तेच ते दोनदा लिहिणार असाल तर काहीच नाही. जर्नलचा साचा ठरलेला असतो: एम (उद्देश), थिअरी, सर्किट, कोड, आउटपुट, कन्क्लुजन आणि खाली सही. जर्नलमधला प्रयोग नेहमी पहिल्याच फटक्यात यशस्वी होतो. वायर चुकीच्या पिनला होती आणि त्यात लॅबचा निम्मा वेळ गेला, हे लिहायला त्यात रकानाच नसतो. ब्लॉगवर नेमकं तेच लिहा: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, काय काय तपासलं, आणि शेवटी कारण काय निघालं. थिअरीचा उतारा पोस्टमध्ये अजिबात नको. तो सगळ्यांच्या पोस्टमध्ये सारखाच असतो आणि कुणी वाचत नाही.

उदाहरण तुमच्याच विषयातलं घेऊ. नोडएमसीयू, म्हणजे ईएसपी८२६६ ही वायफाय चिप असलेला बोर्ड, आणि डीएचटी११ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर. सिरियल मॉनिटरवर आकड्यांऐवजी ‘नॅन’ (नॉट अ नंबर, म्हणजे वाचन मिळालंच नाही) येतंय. बहुतेक पोस्टमध्ये यावर एकच वाक्य सापडतं: ‘कनेक्शन लूज होतं, नीट केल्यावर चाललं.’ यातून लिहिणारा काही शिकला नाही, वाचणारा तर नाहीच.

उपयोगाची पोस्ट अशी असते. सेन्सरची डेटा वायर बोर्डावर डी४ छापलेल्या पिनला लावली होती आणि कोडमध्ये पिन नंबर नुसता ४ लिहिला होता. पण बोर्डावरचा डी४ म्हणजे चिपचा जीपीआयओ २ (जीपीआयओ हे चिपच्या पिनांचे स्वतःचे नंबर, कोडमधला नुसता आकडा तोच). जीपीआयओ ४ हा बोर्डावर डी२ म्हणून छापलेला असतो. म्हणजे कोड डी२वर वाट बघत बसला होता आणि सेन्सर डी४वर होता. उपाय दोन: वायर डी२ला न्या, किंवा कोडमध्ये डी४ असं अक्षरासकट लिहा. दुसरा उपाय आर्डुइनोच्या मेनूत बोर्ड ‘नोडएमसीयू १.०’ निवडला असेल तर चालतो. ‘जेनेरिक’ निवडलं असेल तर कंपायलर ‘डी४ वॉज नॉट डिक्लेअर्ड’ म्हणून अडून बसतो. ही दोन वाक्यं पोस्टमध्ये असली, की बोर्डावरची छपाई आणि चिपचे नंबर वेगळे असतात हे कायमचं डोक्यात बसतं.

पिन बरोबर असूनही ‘नॅन’ येत असेल तर पुल-अप, म्हणजे डेटा वायर वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर, बघा. तीन पायांच्या मॉड्यूलवर रेझिस्टर आधीच बसवलेला असतो. चार पायांच्या सुट्या सेन्सरला डेटा आणि व्हीसीसी (वीजपुरवठा) या पायांच्या मध्ये ४.७ ते १० किलोओहमचा रेझिस्टर आपण लावायचा, आणि तिसरा पाय कशालाच जोडायचा नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मॉड्यूल आणलं असेल तर त्याच्यावर छापलेला पिनांचा क्रम पोस्टमध्ये आवर्जून लिहा. प्रत्येक उत्पादकाचा क्रम वेगळा असू शकतो आणि मित्राच्या फोटोवरून जोडणी केली की हमखास उलटी होते.

यापेक्षा मजेशीर चूक वेगळी आहे. सेन्सर निळा, म्हणजे डीएचटी११, आणि कोडमध्ये टाइप मात्र डीएचटी२२. अशा वेळी ‘नॅन’च येईल असं नाही, चक्क ७६८ अंशांच्या आसपास तापमान येऊ शकतं. ‘सेन्सर खराब’ म्हणून बदलून आणायला निघण्याआधी ७६८ला १०ने गुणा आणि २५६ने भागा: उत्तर ३०. डीएचटी११ पूर्ण अंश पहिल्या बाइटमध्ये पाठवतो, डीएचटी२२ दोन बाइट जोडून एक मोठी संख्या करतो आणि तिचा दहावा भाग म्हणजे तापमान. लायब्ररीने ३०चं वाचन दुसऱ्या पद्धतीने केलं, म्हणून ३० × २५६ ÷ १०. हा हिशेब स्वतः मांडून पोस्टमध्ये लिहिला, तर डेटा प्रोटोकॉल हे प्रकरण पाठ करावं लागत नाही. माझ्या मते एवढ्या एका परिच्छेदाला जर्नलच्या दहा पानांपेक्षा जास्त गुण द्यायला हवेत, पण ते आपल्या हातात नाही.

आता लिहायचं कधी आणि कसं. प्रॅक्टिकलच्या दिवशीच, वही-पीडीएफ-कोड सगळं बंद करून, वीस मिनिटं आठवेल तेवढं लिहा. जोडणीची आकृतीसुद्धा आठवून काढा. मगच सगळं उघडा आणि चुकलेलं दुरुस्त करा, पण खोडलेलं लगेच पुसू नका. पोस्टचा विषय बहुधा तिथेच मिळतो. आठवून लिहिण्यावर एवढा भर का, त्याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला लावला आणि दुसरा न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिलेला जास्त आठवला. आदल्या रात्री वाचून तोंडी परीक्षेला जाणाऱ्याला ‘येत होतं हो’ असं का वाटतं, ते यावरून कळेल. समोर पीडीएफ ठेवून लिहिलेली सुबक पोस्ट शिकण्याच्या दृष्टीने पुन्हा वाचण्याच्याच जातीची.

चॅटजीपीटीचंही तसंच. ‘डीएचटी११वर पोस्ट लिहून दे’ म्हटलं की पोस्ट मिळते, बाकी काही मिळत नाही. त्याला परीक्षक करा. आपला मसुदा आधी लिहा, मग तो देऊन म्हणा की यावर पाच प्रश्न विचार, उत्तरं सांगू नकोस. ज्या प्रश्नाला अडाल तो भाग पुन्हा लिहा. त्याने सांगितलेला पिन नंबर मात्र बोर्डाच्या पिनआउटशी (पिनांच्या नकाशाशी) ताडून घ्या; तो चुकीचाही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो.

आकडे लिहिताना सेन्सरची मर्यादा सोबत द्या. डीएचटी११च्या वाचनात आर्द्रता ५ टक्के आणि तापमान २ अंश इकडेतिकडे असू शकतं. दोन गटांच्या आकड्यांत ३ टक्क्यांचा फरक आला तर तो ‘एरर’ नाही. हवामान खात्याच्या सांताक्रूझच्या आकड्याशी तुलना करायची तर लॅबचा एसी चालू होता की बंद, तेही लिहा, नाहीतर जुलैमध्ये बाहेर धो-धो पाऊस आणि तुमच्याकडे आर्द्रता ५५ असं विनोदी चित्र दिसेल. ॲडाफ्रूटची लायब्ररी वापरत असाल तर आणखी एक: २ सेकंदांच्या आत पुन्हा विचारलं तर ती जुनंच वाचन परत देते. लूपमध्ये अर्ध्या सेकंदाचा डिले टाकून ‘वाचन किती स्थिर आहे बघा’ असा निष्कर्ष काढू नका.

ब्लॉग कुठे करायचा यात फार वेळ घालवू नका. ब्लॉगर सोपा आहे, गिटहब पेजेस शिकण्याजोगं आहे. अडचणी दोन्हीकडे आहेत.

ब्लॉगरच्या एचटीएमएल व्ह्यूमध्ये कोड थेट चिकटवला तर इन्क्लुडच्या ओळीत कोनी कंसातलं डीएचटी.एच गायब होतं, कारण ब्राउझर त्याला टॅग समजतो. कोड कंपोझ व्ह्यूमध्ये चिकटवा, नाहीतर ते कंस एचटीएमएल एंटिटीने लिहा. शीर्षक मराठीत दिलं तर ब्लॉगर लिंकमधली देवनागरी गाळतो आणि नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि आकडा उरतो. म्हणून प्रकाशित करण्याआधी पर्मालिंक (पोस्टचा कायमचा पत्ता) रोमन अक्षरांत स्वतः द्या. वर्डमध्ये लिहून तिथून कोड उचलू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो आणि मग कंपायलर ‘स्ट्रे \३४२ इन प्रोग्राम’ म्हणतो. या ओळीने भलेभले चक्रावतात, कारण डोळ्यांना कोड अगदी बरोबर दिसत असतो.

गिटहब पेजेसवर जेकिल (साध्या मजकुराच्या फाइलींतून वेबसाइट बनवणारं साधन) वापरलं तर पोस्टच्या फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस-शीर्षक असंच लागतं. इथे मुंबईकरांना एक खास फटका बसू शकतो. रात्री एक वाजता आजची तारीख टाकून पोस्ट चढवली की ती दिसेलच असं नाही, आणि एररही येत नाही. गिटहबवर बिल्ड (साइट तयार होणं) यूटीसीने, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागच्या वेळेने होतं, तिथे अजून कालचीच तारीख असते, आणि ‘फ्यूचर’ सेटिंग बंद असेल तर जेकिल भविष्यातली पोस्ट गाळून टाकतं. पहाटे साडेपाचनंतर पुन्हा बिल्ड झालं की दिसते. कॉन्फिग फाइलमध्ये टाइमझोन आशिया/कोलकाता अशी एक ओळ टाकली की प्रश्न मिटला. कोडमध्ये दुहेरी महिरपी कंस असतील तर जेकिल तेही स्वतःचे समजून गिळतं. त्या भागाभोवती लिक्विडचा (जेकिलच्या टेम्प्लेट भाषेचा) ‘रॉ’ टॅग लावा.

एरर मेसेज नेहमी मजकूर म्हणून द्या, स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉट शोधात सापडत नाही आणि कॉपीही करता येत नाही. स्पष्टीकरण मराठीत, एरर जशीच्या तशी. पुल-अपला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. पोस्ट झाली की वर्गातल्या एकाला ती बघून प्रयोग करायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, तिथे एक वाक्य कमी आहे.

आणि कोड टाकण्याआधी पासवर्ड काढा. ईएसपीच्या कोडमध्ये वायफायचं नाव आणि पासवर्ड उघडा असतो, थिंगस्पीक (सेन्सरचे आकडे साठवणारी वेबसेवा) वापरत असाल तर तिथे आकडे पाठवायची राइट एपीआय कीसुद्धा. हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि पहिल्या कमिटच्या (गिटमध्ये बदल नोंदवण्याच्या) आधी त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका. आधीच कमिट झालेल्या फाइलवर गिटइग्नोरचा काही परिणाम होत नाही. चुकून चढलंच तर नवीन कमिटमध्ये ओळ पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती कुणालाही दिसते. थिंगस्पीकवर नवीन की तयार करा, वायफायचा पासवर्ड बदला, आणि तो कॉलेजच्या लॅबचा असेल तर लॅब असिस्टंटना त्याच दिवशी सांगा.