तान फाटते, सूर उतरतो, सम चुकते: घरच्या रेकॉर्डिंगची प्रश्नोत्तरे

सुट्ट्या लागल्या की आमच्या ग्वाल्हेरात लष्करपासून मुरारपर्यंत घरोघरी माइक निघतात आणि तेच ते प्रश्न येऊ लागतात. फोनवर एकेकाला सांगून दमलो, म्हणून या वेळी एकत्रच.

प्रश्न: गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज दोनदा येतो. इको तर लावलेलाच नाही.

इंटरफेसवरचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवरचं) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे स्वतःचा आवाज थेट कानात देणारी सोय, आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग, दोन्ही चालू आहेत. सॉफ्टवेअरमधलं बंद करा.

प्रश्न: ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टची यादी फिकी दिसते, काहीच लागू होत नाही. पुन्हा इन्स्टॉल करू का?

नको. तुम्ही पॉज दाबून बसला आहात. स्टॉप दाबा.

प्रश्न: तबल्याच्या ट्रॅकवर गाते, पण नंतर ऐकताना मी समेवर उशिरा येते. दुकानदार म्हणतो, लॅपटॉप बदला.

दुकानदार लॅपटॉप विकतो, तो आणखी काय म्हणणार? आधी ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचे लावा. ब्लूटूथवर ठेका कानापर्यंत येईस्तोवर मात्रा सरकलेली असते. मग इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाची ने-आण उशीर न लावता करणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका आणि रेकॉर्डिंगपुरता बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे पाठवतो तो आकडा, 128 वर आणा. 48,000 सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) 1024 चा बफर म्हणजे एका बाजूचा सुमारे 21 मिलिसेकंदांचा उशीर, 128 चा म्हणजे तीनच्या आत. चटचट आवाज येऊ लागला तर 256 करा. मिक्सिंगला बसलात की पुन्हा 1024. एवढं करूनही सम चुकली, तर सेटिंगच्या पानाचा फोटो जाणकाराला दाखवा. त्यालाही दोष सापडला नाही, तर गुरुजींना विचारा.

प्रश्न: काळी एकमध्ये गायलेलं भजन मित्राच्या कॉम्प्युटरवर संथ आणि खालच्या पट्टीत वाजतं. माइक खराब आहे का?

माइकचा संबंध नाही. तुमच्याकडे सॅम्पल रेट 48,000, त्याच्याकडे कुठेतरी 44,100 लावलेलं आहे. असा घोळ झाला की सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने उतरतो. काळी एक घसरून पांढरी एक आणि खालची पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी लोंबकळते. पिच बदलणारा इफेक्ट लावून ती वर ओढू नका, दोघांचे आकडे जुळवा.

प्रश्न: आलाप छान येतो, पण तार सप्तकातली तान फाटते. ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली केला, लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेत रोखणारा इफेक्ट) लावला, काही फरक नाही. एक अ‍ॅप महिन्याच्या वर्गणीत ‘शंभर टक्के दुरुस्ती’ देतं म्हणे. घेऊ का?

घेऊ नका, आणि हे जरा सविस्तर वाचा, कारण निम्म्या फाइली याच दुखण्याने माझ्याकडे येतात.

ती तान झूम करून पाहा. लाटांचे माथे गोल दिसायला हवेत, तुमचे करवतीने कापल्यासारखे सपाट असतील. आवाज इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलतानाच तिथला वरचा भाग गेला. फेडर आणि लिमिटर या दारानंतर येतात. ते कापलेला माथा फक्त कमी आवाजात वाजवतील. दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर गेलेल्या भागाचा अंदाज बांधतं. एखाद-दुसऱ्या ठिकाणी तो जमतो, अख्ख्या तानेत जमत नाही.

चूक कुठे होते तेही सांगतो. लेव्हल लावायला बसतात तेव्हा सगळेजण मंद्रातला ‘सा’ लावतात, लेव्हल दाखवणारी पट्टी हिरवी दिसली की खूश होतात, आणि वीस मिनिटांनी द्रुत सुरू झाल्यावर लाल दिवा पेटतो. उलट करा. आधी बंदिशीतली सगळ्यात जोरकस तान पूर्ण दमाने घ्या आणि तिचं टोक उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) इंटरफेसच्या बटणानेच कमी करा. आलाप मग बारीक दिसेल, दिसू द्या. 24 बिटमध्ये (रेकॉर्डिंगच्या बारकाईचं सेटिंग) तो नंतर निर्धास्त वाढवता येतो. कोणी म्हणेल, ‘32 बिट फ्लोट लावा, मग काही फाटत नाही.’ ते खरं आहे, पण यंत्र स्वतः तसं रेकॉर्ड करत असेल तरच. साध्या इंटरफेसवर सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय निवडून कापलेला माथा परत येत नाही.

तान पुन्हा गा. ते शक्य नसेल, मैफलीचंच रेकॉर्डिंग असेल, तर मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत एखाद्या अनुभवी रेकॉर्डिस्टला ऐकवा आणि मगच पैसे खर्च करा.

प्रश्न: कूलरचा आवाज घालवायला नॉइज रिडक्शन लावलं, तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला आणि तानपुराही गेला.

जाणारच. पुसायच्या घरघरीचा नमुना घेताना तानपुरा चालू होता ना? मग सॉफ्टवेअरने त्यालाही घरघर समजून पुसलं. नमुना गाणं-तानपुरा बंद ठेवून फक्त कूलरच्या घरघरीचा घ्या आणि घरघर सहा ते बारा डेसिबलपुरतीच कमी करा. मे महिन्यात ग्वाल्हेरात कूलर बंद करा म्हणणं क्रूरपणा आहे, तरी पाच मिनिटांच्या टेकपुरता कराच.

प्रश्न: हेडफोन लावून रात्रभर मिक्सिंग केलं, तीन आठवडे कानात शिट्टी वाजते. कोणतं इक्वलायझर सेटिंग ठेवू?

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तीन आठवडे थांबलात कशाला?

प्रश्न: लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमध्ये हम (सतत घुमणारा आवाज) येते आणि माइकला ओठ लागले तर झिणझिण्या येतात. मित्राने प्लगची मधली पिन काढायला सांगितलं. हम खरंच गेली, झिणझिण्या मात्र वाढल्या.

ही पिन अर्थिंगची असते. हम घालवायला ती काढणं हा कानोकानी फिरणारा सगळ्यात घातक उपाय आहे. हे वाचून होताच सगळं बंद करा, पिनेचा प्लग परत लावा आणि इलेक्ट्रिशियनकडून घरचं अर्थिंग तपासून घ्या. तोवर त्या माइकला हात लावायचा नाही, चार्जर काढून बॅटरीवरसुद्धा नाही. हमचं काय करायचं ते त्यानंतर विचारा.