पियानोच्या पट्ट्या अडकतात, आत तेल सोडलं तर चालेल का?

नाही. तेल नाही, गंज सोडवायचा स्प्रे नाही, शिलाई मशीनचं ‘अगदी पातळ’ तेलसुद्धा नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या जुन्या अपराइटच्या (उभ्या पियानोच्या) मधल्या चार-पाच पट्ट्या दमट हवेत सुस्तावतात, एकदा वाजल्या की लगेच दुसऱ्यांदा वाजत नाहीत, आणि कुणीतरी पूर्ण ॲक्शनच (पट्टी दाबली की हॅमर, म्हणजे हातोडी, तारेवर आपटवणारी आतली यंत्रणा) बदलायला सांगितलंय. ॲक्शनचं नंतर बघू. तेलाचं आधी, कारण त्यावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

आमचे भावोजी यंत्रांत मुरलेले. काहीही कुरकुरलं की तेलाची कुपी काढणार. आमच्या पियानोला नेमका तुमचाच आजार जडला होता, ट्यूनर यायचा होता, आणि भावोजी मुक्कामाला होते. मी बाहेर गेलेलो असताना त्यांनी पुढची फळी उतरवली आणि हॅमरच्या बुडाशी जिथे जिथे पिन दिसली तिथे थेंब सोडला. संध्याकाळी पट्ट्या लोण्यासारख्या चालत होत्या. पोरांना गोळा करून वाजवून दाखवलं. तो विजय ते आजही सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

पुढचं मी सांगतो. सेंटर पिन, म्हणजे हॅमर जिच्यावर फिरतो ती, धातूची असते, जेमतेम १.३ मिमी जाड, पण ती फिरते लोकरी कापडाच्या बुशिंगमध्ये (भोकातल्या अस्तरात). धातूवर धातू तिथे घासतच नाही, मग तेल कशाला? कापडानं ते पिऊन घेतलं, त्यावर धूळ बसली, आणि सगळं आधीपेक्षा घट्ट झालं. पिना उपसल्या तेव्हा त्यांच्यावर हिरवट चिकटा होता. ज्या हॅमरना तेल लागलं नव्हतं, त्यांचं काम सरळ झालं: जुनी पिन काढली, रीमरनं (भोक रुंद करायच्या हत्यारानं) बुशिंग किंचित मोकळं केलं, हवी तिथे अर्धा नंबर जाड पिन घातली. अर्धा नंबर म्हणजे ०.०२५ मिमीचा फरक, एवढ्यावर हे सगळं चालतं! तेलकट फ्लँजमधलं (पिन धरणाऱ्या बिजागरीसारख्या तुकड्यातलं) कापड मात्र नव्यानं बसवावं लागलं. बिल कुणी भरलं ते विचारू नका.

आता तुमचं. पुढची फळी काढा, पट्टी सावकाश दाबून सोडा आणि शेजारच्या चांगल्या पट्टीशी ताडून बघा. हॅमर बोटानं तारेकडे ढकलून सोडा. रेंगाळत परतला तर त्याच्या फ्लँजची पिन घट्ट आहे, किंवा मागे ओढणारी स्प्रिंग मेली आहे. हॅमर ठीक असेल तर खालची विपेन (पट्टी दाबली की वर उचलला जाणारा भाग) उचलून सोडा, ती धपकन पडली पाहिजे. दोन्ही मोकळे असतील तर दोष पट्टीतच: बुशिंग फुगलंय, शेजारणीला घासतेय, किंवा मध्ये नाणं-पेन्सिल पडलंय (हसू नका, फार वेळा तेच निघतं). फुगलेलं पट्टीचं बुशिंग खास पकडीनं अलगद दाबतात; चाकूनं कोरत नाहीत.

तुमच्या लक्षणांवरून मला पहिलाच प्रकार वाटतो: हॅमरची पिन घट्ट.

कॅपस्टनना, म्हणजे पट्टीच्या मागच्या टोकावरच्या, विपेनला उचलणाऱ्या स्क्रूंना, हात लावू नका. ते गरजेपेक्षा वर चढवले की जॅकला (हॅमरला ढकलणाऱ्या छोट्या दांड्याला) हॅमरच्या बुडाखाली परत शिरायला जागा उरत नाही. मग अगदी मोकळा हॅमरही दुसऱ्यांदा वाजत नाही आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. भावोजींनी तेही केलं होतं. ‘पट्टी ढिली लागत होती, घट्ट केली.’ ताई अजून त्यांचीच बाजू घेते.

ॲक्शन बदलायला सांगणारा बहुधा काहीतरी विकायला निघालाय. चार-पाच पिनांसाठी कुणी ८८ पट्ट्यांची ॲक्शन बदलत नाही. अर्थात मी पियानो पाहिलेला नाही. फ्लँज जुन्या प्लास्टिकचे असून हात लावताच तुटत असतील, किंवा कसर लागून फेल्टचा भुगा झाला असेल, तर हिशेब वेगळा. ॲक्शन स्वतः बाहेर काढणार असाल तर ब्रायडल टेप (हॅमर आणि विपेन जोडणाऱ्या फिती) आधी तपासा. जुन्या झाल्या की त्या नुसत्या धक्क्यानं तुटतात.

आणि हो, ट्यूनर लोक काही ठिकाणी कोरडी टेफ्लॉन पावडर वापरतात, पट्टीच्या पिनांवर वगैरे, त्यामुळे ‘वंगण म्हणजे पापच’ असं माझं म्हणणं नाही. हे वाक्य भावोजींच्या नजरेस पडलं की ते सोयीनं तेवढंच वाचतील. भावोजी, पावडर म्हटलंय. कोरडी.