डार्क मॅटर शोधायला जायचंय? आधी धूळ ओळखायला शीक

पोरी,

तुझा मेसेज वाचला. डार्क मॅटरवरच, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणानं जाणवणाऱ्या त्या पदार्थावरच काम करणार म्हणतेस, कर की, पण ह्या कामात डार्क मॅटर शोधण्यापेक्षा जे डार्क मॅटर नाही ते हाकलण्यातच जन्म जातो बघ. अमेरिकेत साउथ डकोटाच्या जुन्या सोन्याच्या खाणीत दीड किलोमीटर खाली डार्क मॅटर शोधणारा एलझेड डिटेक्टर आहे, 10 टन झेनॉन वायू थंड करून द्रव केलेला, वरचा दगड अंतराळातनं येणारी कॉस्मिक किरणं अडवतो म्हणून एवढ्या खाली. पण खडकात युरेनियम-थोरियम आहेच, केबलमधनं, स्क्रूमधनं रेडॉन हा किरणोत्सारी वायू सुटतो, आणि ह्या सगळ्यांच्या खोट्या नोंदी होतात. खानापूरची लाल माती चपलेला लागली तर आपण झटकून घरात जातो, तिथं चिमूटभर धूळ पण महागात पडते.

द्रव झेनॉनमध्ये कण धडकला की आधी उजेडाचा बारीक झटका, मग सुटलेले इलेक्ट्रॉन वर ओढले जातात आणि वरच्या गॅसमध्ये दुसरा झटका. मधल्या वेळेवरून खोली कळते, दोन झटक्यांच्या प्रमाणावरून धक्का अणुकेंद्राला बसला (डार्क मॅटरकडून हीच अपेक्षा) की नुसत्या इलेक्ट्रॉनला ते कळतं. हे कागदावर स्वतः काढून बघ.

आणि डामा ह्या डार्क मॅटरच्या प्रयोगाचं प्रकरण नीट वाच. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली सोडियम आयोडाइडचे क्रिस्टल, जूनच्या सुमारास नोंदी वाढतात, डिसेंबरात कमी, पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यामुळे डार्क मॅटरचं असंच व्हायला हवं, आणि 1990 च्या दशकापासून ते हेच सांगतायत. पण कोरियात कोसाइन आणि स्पेनमध्ये अनाइस हे प्रयोग, त्याच जातीचे क्रिस्टल, त्यांना तसं काही दिसेना! उन्हाळ्यात खाली पोचणारे म्यूऑनपण (कॉस्मिक किरणांमुळे हवेत तयार होणारे कण) थोडे वाढतात, तेव्हा ऋतू बघून हुरळायचं नाही (म्यूऑनचं खापर डामावाल्यांना मान्य नाही, ते वेगळं).

परदेशाचं नंतर बघू. आपल्याच कर्नाटकात कोलारच्या खाणीत 1965 साली वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही आरपार जाणारे बारीक कण, पकडले होते, ती खाण 2001 ला बंद पडली. आता झारखंडात जादूगुडाला 555 मीटर खाली साहा इन्स्टिट्यूटची लॅब आहे, तीपण युरेनियमच्या खाणीत, हसू नको. तिथं इंटर्नशिपचं विचार.

तोवर सोल्डरिंग शीक, पॉयसन डिस्ट्रिब्युशन (अधूनमधून येणाऱ्या नोंदी मोजायचं गणित) पक्कं कर, प्रोजेक्टला किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर मिळत असेल तर तोच घे, सिम्युलेशन नंतर. मराठी मिडियम म्हणून कचरायचं काही कारण नाही. इंटर्नशिपच्या मेलचा ड्राफ्ट मला पाठव, फक्त ते 'लहानपणापासून मला ताऱ्यांची ओढ' वालं वाक्य काढ आधी.