आधी तिचं माहेर शोध

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रामकुंडावरून तू तडक माझ्याकडे आलीस आणि चपला न काढताच दारातून विचारलंस, "आजी, मला खापरपणज्या दोन की एकच?" क्षेत्रोपाध्यांच्या वंशावळीच्या वहीत जनाबाई, आणि घरच्या माळ्यावरच्या तांब्याच्या हंड्यावर कोरलेलं नाव सगुणा.

तुझा वंशावळीचा कागद मी रात्री पुन्हा पाहिला. सात पिढ्यांचे पुरुष ठळक अक्षरात, बायका कंसात. राग आला. तुझा नव्हे, त्या कंसाचा.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरीच राहायचं. हंडा आंदणाचा असेल तर सगुणा हीच पुढे जनाबाई झाली असेल. पण लगेच तसं लिहून टाकू नकोस. पहिली बाळंतपणात गेली नि वर्षाच्या आत दुसरी आली, हेही घरोघर झालंय. नावांवरून याचा उलगडा होणार नाही, माहेरावरून होईल. आधी तिचं माहेर शोध.

तुमचं घर छप्पनच्या दुष्काळात, १८९९-१९०० मध्ये, खानदेशातून नाशिककडे आलं म्हणतेस. श्रावणात अजून खानदेशातल्या कानबाईचे रोट करता, त्यामुळे मला ते पटतं. मग दोन महिने सासरच्याच गावात काय उकरत बसलीस? घर इकडे आलं, तिचे भाऊ तिकडेच राहिले असतील ना! आणि जळगावात सापडलं नाही म्हणून हातपाय गाळू नकोस. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मग त्याचे पूर्व नि पश्चिम असे दोन झाले. जुन्या कागदावर नुसतं 'जिल्हा खानदेश' असेल, तर ते गाव आज धुळ्यात किंवा नंदुरबारातही असू शकतं.

मोडी येत नाही, ही सबब मला सांगू नकोस. मी बावन्नाव्या वर्षी शिकले.

उशिराच शिकले. माझी आजी पहाटे जात्यावर गायची. भावांची नावं, माहेरची वाट, नदी, गावचा देव, सगळं त्या ओव्यांत असायचं. माझी बी.ए.ची परीक्षा होती. मी कानात कापसाचे बोळे घालून वाचत बसायचे. त्याच पावसाळ्यात आजी गेली. तिचं माहेर कुठलं, हे आज आमच्या घरात एकालाही सांगता येत नाही.

म्हणून पुढे मी आमच्या वंशावळीत प्रत्येक बाईचं माहेर लिहिलं. भाऊ म्हणाला, कागद बिघडवलास. बारा वर्षं झाली, तो माझ्याशी नीट बोलत नाही. मला वाईट वाटतं, पण एक अक्षर खोडलेलं नाही, खोडणारही नाही. वंशावळ काय फक्त जमिनीच्या वाटण्यांसाठी असते? माझं चुकलं असं मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

तुझ्या आजोबांची बहीण सातपूरला आहे ना? रविवारी जा. आजीचं नाव काय, असं विचारू नकोस, तिला ते आठवणार नाही. विचार, "तुमच्या वडिलांचे मामा कुठले? काकांचे कुठले? लग्नात पाठीशी कोण उभं होतं?" सगळ्या भावंडांचे मामा एकाच घरचे निघाले, तर बहुधा बाई एकच. दोन गावांचे निघाले, तर दोन. म्हातारीला घाई करू नकोस, आणि तिचा आवाज फोनवर घे.

येताना वहीच्या त्या पानांचे फोटो आण. आपण दोघी बसून मोडी लावू.

तुझी,
आजी