फ्लॅटचा सौदा ठरल्यावर विक्रेत्याने पुढे काय करावे?
खरेदीदाराचा भाव मान्य करून टोकन घेतले, आता पुढे काय, असे आपण विचारले आहे. महाराष्ट्रातील सोसायटीतल्या फ्लॅटपुरते सांगतो. टोकनची रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि व्यवहार मोडल्यास टोकनचे काय, हे आधी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. फ्लॅटवर आपले गृहकर्ज असेल, तर बँकेकडून शिल्लक कर्जाचे पत्र आणि तिच्या ताब्यातील मूळ कागदपत्रांची यादी आजच मागवावी, कारण त्यावाचून खरेदीदाराची बँक सहसा पुढे सरकत नाही आणि सर्वाधिक दिवस इथेच जातात. सोसायटीला हस्तांतरणाची १५ दिवसांची नोटीस द्यावी. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने कापलेला १ टक्का टीडीएस (किमतीतून कापून आपल्या नावे सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) आपल्याच पॅनवर जमा झाल्याची खात्री करावी. पूर्ण रक्कम खात्यात येईपर्यंत किल्ल्या मात्र कृपया देऊ नयेत.